घरच्या संगणकावर मायनिंग: मुंबईतील नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

बिटकॉइनच्या भाववाढीच्या बातम्या झळकू लागल्या की ओळखीतला एखादा विद्यार्थी किंवा नुकताच नोकरीला लागलेला तरुण मला हमखास विचारतो, "काका, गेमिंगचा पीसी घरात आहेच, त्यावर मायनिंग लावले तर महिन्याला किती सुटतील?" मी त्याला कार्डाचे नाव विचारण्याआधी घरचे लाइट बिल आणायला सांगतो. मुंबईत ग्राफिक्स कार्डावरच्या मायनिंगचा निकाल लागतो तो बिलावर, आणि तोही सरासरी दरावर नव्हे, तर महिन्याच्या शेवटच्या युनिटला जो दर पडतो त्यावर. हे मायनिंग शिकावे कसे, आणि शिकताना घराचे, कार्डाचे व खिशाचे नुकसान टाळावे कसे, ते पुढे सांगितले आहे.

आधी मायनिंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. व्यवहारांची सामाईक वही जगभरातील हजारो संगणक मिळून चालवतात, आणि तिच्यात नवे पान (ब्लॉक) जोडण्याचा मान अशा संगणकाला मिळतो की ज्याला एका गणिती कोड्याचे उत्तर सर्वांत आधी सापडते. या उत्तराला युक्ती लागत नाही. सेकंदाला कोट्यवधी आकडे घालून पाहावे लागतात. ज्याला ते सापडते त्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. अशा प्रत्येक प्रयत्नाला हॅश म्हणतात, आणि सेकंदाला किती प्रयत्न होतात, त्या वेगाला हॅशरेट म्हणतात.

बिटकॉइन २००९ साली सुरू झाले तेव्हा साध्या प्रोसेसरवर मिळत होते, नंतर ग्राफिक्स कार्डे आली, आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेली असिक यंत्रे बाजारात आल्यावर घरच्या कार्डाचा बिटकॉइनशी संबंध संपला. त्यानंतर बरीच वर्षे कार्डवाल्यांचा आधार होता इथेरियम हे दुसरे नाणे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही कोड्याची पद्धतच सोडून दिली, आणि जगभरची कार्डे रेव्हनकॉइन, एर्गो, इथेरियम क्लासिक अशा लहान नाण्यांकडे वळली. बक्षिसे मोजकी आणि वाटेकरी अतोनात, हे आजच्या तुटपुंज्या मिळकतीचे मूळ कारण आहे. म्हणून पहिला सल्ला असा की मायनिंगसाठी नवे कार्ड विकत घेऊ नये. गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा अभ्यासासाठी घेतलेले कार्ड घरात असेल तरच पुढे वाचावे.

पायरी पहिली: यंत्र पाहून घेणे

लॅपटॉपवर मायनिंग करू नये. त्याची हवा खेळण्याची जागा इतकी अरुंद असते की चोवीस तासांचा भार त्याला सोसत नाही. डेस्कटॉपमध्ये कार्डाची स्वतःची मेमरी किमान ६ जीबी असावी, ८ असल्यास उत्तम, कारण बहुतेक नाण्यांना एक मोठी माहिती-फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागते आणि ती काळानुसार वाढत जाते. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा असावा, आणि त्याच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांपेक्षा अधिक भार सतत पडू नये. कार्डाची वीजजोडणी सप्लायमधून आलेल्या मूळ केबलनेच करावी. हार्ड डिस्कसाठीच्या साटा जोडणीवरून कार्डाला वीज पुरवणारे कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतात, पण ती जोडणी फक्त ५४ वॅटपर्यंतचा भार पेलण्यासाठी असते. कार्ड त्याहून जास्त ओढते आणि प्लास्टिक वितळते.

पायरी दुसरी: वायरिंग

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. परळ, गिरगाव, दादरकडच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत अनेक घरांचे वायरिंग कित्येक दशकांचे असते, आणि अर्थिंग एकतर नसते किंवा नावापुरते असते. चालू संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे आणि परवानाधारक वायरमनकडून ते करून घेईपर्यंत पुढे जाऊ नये.

संगणक शक्यतो भिंतीतल्या सॉकेटलाच लावावा. माझ्या घरी पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी जळक्या प्लास्टिकचा वास आला. संगणक ज्या एक्स्टेंशन बोर्डवर चालत होता त्यावरच कोणीतरी इस्त्री लावली होती, बोर्डाचा प्लग भिंतीत सैल बसलेला होता, आणि त्याची पिन तपकिरी होऊन सॉकेट विरघळायला लागले होते. घरात माणसे होती म्हणून लगेच बंद करता आले. तेव्हापासून घर कुलूपबंद असताना मी मायनिंग चालू ठेवत नाही, आणि नवशिक्यांनीही ठेवू नये. सलग भाराला सैल जोड चालत नाही. आठवड्यातून एकदा प्लग हाताने चाचपून पाहावा; तो कोमट लागला तरी कारण शोधावे.

पायरी तिसरी: लाइट बिलाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, असे पुरवठादार वेगवेगळे असले तरी घरगुती दराची रचना सर्वत्र टप्प्यांची आहे: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. जितका वापर अधिक, तितका पुढच्या युनिटचा दर चढा. त्यामुळे एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून जो दर येतो, तो मायनिंगसाठी उपयोगाचा नाही. घरचा फ्रिज, पंखे, धुलाई यंत्र खालचे स्वस्त टप्पे आधीच वापरून टाकतात. मायनिंगच्या वाट्याला येतात ती वरची महाग युनिटे.

उदाहरण घेऊ. कार्डाचा वीजवापर १२० वॅटवर बांधला, बाकीचा संगणक ६० वॅट धरला आणि पॉवर सप्लायमधील घट मोजली, तर भिंतीतून सुमारे २०० वॅट ओढले जातात. १,००० वॅट एक तास चालले की एक युनिट होते, म्हणजे दिवसाचे ४.८ आणि तीस दिवसांचे १४४ युनिट. घरचा नेहमीचा वापर २६० युनिट असेल तर आता एकूण ४०४ होतील. या १४४ पैकी पहिली ४० युनिटे दुसऱ्या टप्प्यात बसतील आणि उरलेली १०४ तिसऱ्या टप्प्यात जातील. बिल समोर ठेवून या दोन टप्प्यांचे वीज आकार घ्यावेत, त्यांत वहन आकार आणि त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार मिळवावा, वर वीज शुल्क लावावे, आणि जो आकडा येईल तो मायनिंगचा महिन्याचा खर्च म्हणून वहीत लिहावा. स्थिर आकार यात धरू नये, तो एरवीही भरावाच लागतो. जाहिरातीतले आणि व्हिडिओतले नफ्याचे आकडे बहुधा परदेशातील एकच सपाट दर धरून काढलेले असतात, ते आपल्या घराला लागू पडत नाहीत.

सॉफ्टवेअर दाखवते तो वीजवापर फक्त कार्डाचा असतो. खरा वापर मोजायला प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचे वॉटमीटर मिळते. ते नसेल तर सोसायटीच्या मीटर रूममध्ये जाऊन आपला मीटर पाहावा. त्यावर प्रत्येक युनिटमागे लाल दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. तो ३,२०० असेल तर २०० वॅटच्या भाराला तासाला ६४० लुकलुकी व्हायला हव्यात. घरातले बाकी सर्व बंद करून दहा मिनिटे मोजल्यास पुरेसा अंदाज येतो.

उन्हाळ्यात या हिशेबात आणखी एक भर पडते. संगणकाने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच सांडते, म्हणजे २०० वॅटचा संगणक हा २०० वॅटचा हीटरच होय. त्या खोलीत एसी चालू असेल तर दर तीन वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी एसीला साधारण एक वॅट जास्त वीज लागते. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरात हा खर्च वेगळा लिहावा. लाइट बिल अख्ख्या घराचे असते, तेव्हा हा हिशेब घरच्यांना दाखवून त्यांची संमती घेतल्याशिवाय पहिला दिवससुद्धा चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी चौथी: मिळकतीचा अंदाज

रेव्हनकॉइनचा एक ब्लॉक साधारण मिनिटाला बनतो, म्हणजे दिवसाला १,४४० ब्लॉक. दर २१ लाख ब्लॉकनंतर बक्षीस निम्मे होते, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पहिल्यांदा ५,००० नाण्यांवरून २,५०० वर आले. आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड या नाण्यावर सेकंदाला सुमारे २२ मेगाहॅश (एक मेगाहॅश म्हणजे दहा लाख हॅश) देते. समजा सगळ्या नेटवर्कची ताकद ५ टेराहॅश, म्हणजे ५० लाख मेगाहॅश आहे, तर आपला वाटा सव्वादोन लाखांतला एक, आणि एकट्याने खेळल्यास सरासरी १५८ दिवसांनी एक ब्लॉक. बक्षीस दुसऱ्यांदा निम्मे होऊन १,२५० नाणी झाले असे धरले तर दिवसाला आठच्या आत नाणी पडतात. नाण्याचा भाव एक रुपया धरून पाहा, आणि त्याशेजारी ४.८ युनिटांची किंमत मांडा. ज्या दिवशी खरे आकडे घालून ही तुलना कराल त्या दिवशीचा भाव, बक्षीस आणि नेटवर्कची ताकद घ्यावी. नेटवर्कची ताकद व अवघडपणा त्या त्या नाण्याच्या ब्लॉक एक्स्प्लोररवर (सामाईक वही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) दिसतो.

मुंबईच्या वरच्या टप्प्याच्या दराने बहुतेक वेळा वीजखर्च मिळकतीपेक्षा जास्त निघतो. तरीही वॉलेट (नाणी सांभाळणारे सॉफ्टवेअर), पूल (एकत्र मायनिंग करणाऱ्यांचा गट), हॅश आणि कार्डाचे तापमान या गोष्टी हाताने करून समजून घ्यायच्या असतील तर पंधरा दिवस किंवा महिनाभर, ठरवून, खर्चाची मर्यादा आखून हा प्रयोग करावा. नेटवर्किंग, लिनक्स आणि हार्डवेअर यांचे जे ज्ञान त्यातून मिळते त्याला शिकवणीची फी समजून खर्च करायला माझी हरकत नाही. घरखर्चाला हातभार लागेल या आशेने मात्र सुरुवात करू नये.

पायरी पाचवी: वॉलेट

नाणे निवडताना ते कोणत्या एक्स्चेंजवर (नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात) विकता येते हे आधी पाहावे, आणि मग त्या नाण्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच वॉलेट उतरवावे. वॉलेट तयार होताना बारा, पंधरा किंवा चोवीस शब्द दाखवले जातात. हे शब्द ज्याच्या हाती, नाणी त्याची. बँकेसारखे येथे कोणी पासवर्ड बदलून देत नाही. शब्द कागदावर पेनाने लिहावेत, त्यांचा मोबाइलवर फोटो काढू नये, कारण तो आपोआप क्लाउडवर चढतो. कागदाच्या दोन प्रती करून प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवाव्यात, पावसाळ्याच्या दमटपणात शाई पसरते. एक प्रत गावच्या घरच्या कपाटात ठेवता आली तर बरे. वॉलेटचा पत्ता कुठेही चिकटवल्यावर त्याची सुरुवातीची आणि शेवटची पाच-सहा अक्षरे मूळ पत्त्याशी ताडून पाहावीत. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात.

पायरी सहावी: पूल आणि मायनर

वरच्या उदाहरणात एकट्याला १५८ दिवस वाट पाहावी लागते, तीही सरासरीने. म्हणून लोक पूलमध्ये सामील होतात. पूल सर्वांचे प्रयत्न एकत्र करतो आणि बक्षीस ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे देतो. टूमायनर्स, हीरोमायनर्स, वूलीपूली हे जुने पूल आहेत, आणि त्यांचे शुल्क साधारण एका टक्क्याच्या आसपास असते. पूल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: आशियातील सर्व्हर आहे का, किमान किती नाणी जमल्यावर पैसे पाठवतात, आणि वाटप कोणत्या पद्धतीने होते. एका कार्डाच्या माणसाला किमान रक्कम जितकी कमी तितकी बरी, नाहीतर महिनाभराची कमाई पूलमध्येच अडकून राहते.

कोडे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला मायनर म्हणतात. एनव्हिडिया आणि एएमडी दोन्हींसाठी लोलमायनर व जीमायनर, आणि एएमडीसाठी टीमरेडमायनर हे प्रचलित आहेत. ते एक-दोन टक्के वेळ आपल्या निर्मात्यासाठी चालतात, हे उघड असते. मायनर उतरवायचा तो केवळ निर्मात्याच्या गिटहब (प्रोग्रॅम ठेवण्याचे संकेतस्थळ) पानावरून. अँटिव्हायरस त्याला अडवेलच, कारण चोर दुसऱ्यांच्या संगणकावर हेच प्रोग्रॅम लपवून चालवतात. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नये; मायनरसाठी एक वेगळा फोल्डर करून तेवढ्यालाच सूट द्यावी. शक्य असेल तर बँकेचे व्यवहार या संगणकावरून करू नयेत.

मायनरच्या फोल्डरमध्ये सुरू करण्याची एक छोटी बॅच फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून तिच्यात चार गोष्टी बदलायच्या असतात: नाण्याची गणनपद्धत (अल्गोरिदम), पूलचा पत्ता व पोर्ट, आपल्या वॉलेटचा पत्ता, आणि संगणकाला दिलेले एक साधे नाव. फाइल जतन करून चालवली की काळ्या खिडकीत ओळी धावू लागतात. काही मिनिटांत पूलने हिस्सा (आपल्या कामाचा पाठवलेला पुरावा) स्वीकारल्याची पहिली ओळ दिसते. पूलच्या संकेतस्थळावर वॉलेटचा पत्ता टाकला की आपला हॅशरेट दिसतो, पण तो स्थिर व्हायला काही तास लागतात, म्हणून सुरुवातीचा चढउतार पाहून घाबरू नये. उशिरा पोहोचलेले किंवा नाकारलेले हिस्से दोन टक्क्यांहून अधिक असतील तर जवळचा सर्व्हर निवडावा आणि वायफायऐवजी केबल जोडावी. इंटरनेटचा डेटा या कामाला फारच थोडा लागतो.

पायरी सातवी: कार्ड थंड ठेवणे

कारखान्यातून येते त्या मांडणीवर मायनिंग करणे म्हणजे वीज वाया घालवणे. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची पट्टी असते. ती १०० वरून ७० टक्क्यांवर आणावी आणि हॅशरेट किती घटतो ते पाहावे. बहुतेक कार्डांवर वीज जितकी वाचते त्या मानाने वेग बराच कमी घटतो. मग पाच-पाच टक्क्यांनी वरखाली करून वॉटमागे सर्वांत जास्त हॅश मिळतात तो बिंदू शोधावा. रेव्हनकॉइनची गणनपद्धत कार्डाच्या गाभ्याला (मुख्य चिपला) राबवते आणि फार तापते. एर्गोची पद्धत मेमरीवर अवलंबून असल्याने गाभ्याचा वेग उतरवून चालते आणि वीज कमी खाते. मुंबईच्या हवेत शिकण्यासाठी मी एर्गो सुचवतो ते याचसाठी.

गाभ्याचे तापमान ६५ अंशांच्या आसपास राहावे. ज्या कार्डांत जीडीडीआर६एक्स मेमरी आहे त्यांत मेमरीचे तापमान वेगळे पाहावे लागते. ते एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसते, आणि ११० अंशांना कार्ड स्वतःच वेग कमी करते. ते ९०-९५ च्या आत ठेवावे. खोलीचे तापमान पाच अंश वाढले की कार्डाचेही जवळजवळ तितकेच वाढते, म्हणून जानेवारीत जमवलेली मांडणी मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर तरी दूर, जमिनीपासून उंचावर आणि पडद्यापासून लांब ठेवावे. वारा येतो म्हणून ते गॅलरीत ठेवण्याचा मोह टाळावा, पावसाची तिरपी झड आणि समुद्राची खारी हवा दोन्ही धातूला खातात. जून ते सप्टेंबर धूळ ओलसर होऊन पंख्यांच्या पात्यांना आणि पत्र्यांना चिकटते. दर पंधरवड्याला संगणक बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने धरून ठेवून ब्लोअरने साफ करावे. पंखा न धरता वारा मारला तर तो नको तितक्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

पायरी आठवी: वही आणि कर

पूलकडून नाणी जमा होतील त्या प्रत्येक वेळी तारीख, नाण्यांची संख्या आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव वहीत लिहावा. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्ता, म्हणजे अशी नाणी, विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, मग आपले एकूण उत्पन्न कितीही असो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंग करणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे ते असे की मायनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च हा खरेदी खर्च मानला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. म्हणजे तिसऱ्या पायरीत काढलेला हिशेब तोट्याचा असला तरी विक्रीवरचा कर टळत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. तो विवरणपत्रात दाखवून वळता करून घ्यावा. विक्रीसाठी एक्स्चेंज निवडताना ते केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे याची खात्री करावी. विक्री थोडी असली तरी विवरणपत्र भरण्याआधी वही घेऊन एकदा सीएला भेटावे.

या ओघात एक इशारा देतो, कारण घरचा हिशेब तोट्याचा दिसला की अनेक जण दुसरीकडे वळतात. "यंत्रे आमची, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे भरा" अशी क्लाउड मायनिंगची आमिषे वारंवार येतात. गेनबिटकॉइन नावाच्या अशाच योजनेत अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे वचन होते, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांत तिच्याविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. स्वतःच्या बिलावर वीज किती लागते हे ज्याने एकदा मोजले आहे, त्याला निश्चित परताव्याचे असे वचन कोणत्या आकड्यांवर उभे आहे हे विचारता येते.

प्रयोग थांबवताना

ठरवलेले दिवस संपले की मायनर बंद करावा. पूलमधील शिल्लक किमान रकमेला थोडी कमी पडत असेल तर तेवढेच एक-दोन दिवस आणखी चालवून ती वॉलेटमध्ये आणावी. आफ्टरबर्नरमधील मांडणी मूळ जागी न्यावी, नाहीतर गाभ्याचा उतरवलेला वेग गेम खेळताना अडचण करतो. अँटिव्हायरसमधील सूट काढून मायनरचा फोल्डर पुसून टाकावा. कार्ड एकदा बाहेर काढून कोरड्या ब्रशने साफ करावे, आणि पुढच्या महिन्याचे लाइट बिल आले की पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या अंदाजाशेजारी त्यातला खरा आकडा उतरवून ठेवावा.